थर्ड शिफ्टची झोप

ये गं, जवळ ये. आणि तो मोबाईल आधी खाली ठेव! किती बघशील त्यात, डोळे जातील. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — पोराला नाही, सुनेला तर नाहीच. धाकटी बहीण म्हणून तुलाच हे पत्र; तू समोर बसल्यासारखं, बोलल्यासारखंच लिहिते, शाळा माझी थोडीच.

आमचे हे चाकणला कंपनीत. थर्ड शिफ्ट करून सकाळी कासारवाडीला घरी यायचे, आंघोळ करून झोपायचे. थर्ड शिफ्टच्या माणसाला उठवायचं नाही, हा आमच्या घरचा कायदा. केला कुणी? मीच. त्या दिवशी सकाळी सुनेनं मिक्सर लावला, तर केवढी बोलले तिला! "तुझ्या माहेरी कुणी रात्रपाळी केलीय का कधी?" — असंसुद्धा.

दुपारी गॅस संपला. सून नातवाला शाळेतून आणायला गेलेली. सिलिंडर बदलायची मला भीती वाटते — मी ह्यांना हलवून उठवलं. उठले बिचारे. सिलिंडर लावला, वर हसले, "आता तुला कुणी ओरडायचं गं?" चांगले धडधाकट होते. परत झोपले.

चहाला हाक मारली तर तोंड वाकडं. उजवा हात लुळा. रिक्षातून दवाखान्यात नेलं, डोक्याचा फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, मेंदूत गुठळी आहे. झोपेत झटका आला की नेमकी वेळ कळत नाही, म्हणून माणूस शेवटचा धडधाकट कधी बघितला तिथून वेळ धरतात. "कधी बघितलंत, मावशी?"

सून शेजारीच उभी. मी म्हणाले — "सकाळी. तेव्हापासून झोपलेलेच."

"मग उशीर झाला. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आता नाही देता येणार, डोक्यात रक्तस्राव व्हायची भीती."

तेव्हा तरी बोलायचं ना? एकच शब्द होता — दुपारी. नाही बोलले. सुनेपुढं मान खाली जाईल, एवढंच डोक्यात. एवढंच! त्या इंजेक्शनानं बरे झाले असते का? कुणास ठाऊक. पण मिळायला तर हवं होतं — मी मिळू दिलं नाही.

आता ह्यांना बोलता येत नाही. मी उठवलं होतं, हे त्यांना आठवतं का? कळत नाही. मी भरवते, ते खातात. माझ्याकडं बघत राहतात. सून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, आईंनी किती केलं. मी ऐकून घेते.

तू ये लवकर घरी. कुणी 'जय भीम' म्हटलं की उत्तराला डावा हात उचलतात ते.