आप्पांच्या बढत्या आणि काकांचा स्टोव्ह

माझे वडील, आप्पा, साखर कारखान्यात बॉयलरवर फायरमन होते, म्हणजे भट्टी पेटती ठेवणारे कामगार. बावीस वर्षांत त्यांना एकही बढती मिळाली नाही. मिशिगनमधल्या ट्रॉय गावात मात्र सहा महिन्यांत त्यांच्या तीन बढत्या झाल्या. त्यासाठी त्यांना काहीच करावं लागलं नाही. मलाही फारसं नाही. मी फक्त गप्प बसलो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी मेकॅनिकलचं एम. एस. करायला आलो होतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे कॉलेजनंतर अमेरिकेतही जायचं असतं हे मला तसं उशिराच कळलं. ट्रॉयमध्ये एक काका-काकू होते. नात्यातले नव्हेत. अमेरिकेत पाचेक वर्षं काढलेला कुठलाही मराठी माणूस नव्या विद्यार्थ्याचा आपोआप काका होतो. काका गाड्यांच्या कंपनीत मोठे इंजिनिअर होते आणि मनाने खरंच चांगले. दर शनिवारी मला जेवायला बोलवायचे.

पहिल्याच जेवणात त्यांनी विचारलं, "वडील काय करतात?"

"साखर कारखान्यात असतात. बॉयलरला."

"अरे वा! बॉयलर इंजिनिअर!"

माझ्या तोंडात मोदक होता. मोदक गिळून होईपर्यंत काकांनी ही बातमी स्वयंपाकघरात काकूंना पोहोचवली होती. दिवाळीला मित्रांशी ओळख करून देताना आप्पा बॉयलर हाउसचे प्रमुख झाले. संक्रांतीला चीफ इंजिनिअर. त्या वेळी मी "नाही काका, तसं काही..." एवढं म्हणालो होतो. काकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "लाजतो पोरगा!" मग मी खरंच लाजलो आणि विषय संपला. त्याच आठवड्यात आप्पांचं पत्र आलं होतं की नवीन बूट मिळावेत म्हणून त्यांनी टाइम ऑफिसात तिसऱ्यांदा अर्ज केला आहे.

काकांच्या घरी एक पेलेट स्टोव्ह होता. लाकडाचा भुसा दाबून बोटाच्या पेराएवढ्या गोळ्या केलेल्या असतात, त्यांवर चालणारा. वरच्या पेटीत गोळ्या ओतायच्या, मग मळसूत्रासारखा एक दांडा हळूहळू फिरत त्यांना आगीत ढकलतो. पुढे काच, आत ज्वाळा. मी येण्याआधीच्या हिवाळ्यात काका पाहुण्यांना त्याच्यासमोर बसवून कंबशनवर बोलायचे आणि पाहुणे जेवण कधी मिळेल याचा विचार करायचे. उन्हाळा आला तसं काकांनी बटण बंद केलं, वर एक चादर टाकली आणि चादरीवर फुलदाणी ठेवली. त्यांच्या मते स्टोव्ह बंद करणं म्हणजे एवढंच. मी आलो त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये सुरू केला तर उरलेल्या गोळ्या दमट हवेने फुगून दांड्याभोवती गच्च बसलेल्या. घरभर धूर झाला, अलार्म वाजला आणि घरात चाललेल्या सत्यनारायणाच्या पूजेला अग्निशमन दलाचे चार धिप्पाड लोक कुऱ्हाडी घेऊन आले. काकूंनी त्यांनाही प्रसाद दिला. तो दांडा मोकळा करायला काकांना पंधरा दिवस आणि तीन स्क्रू ड्रायव्हर लागले.

म्हणून माझ्या पहिल्या वर्षाच्या मे महिन्यात काकूंनी सांगून टाकलं, "या वेळी तो धड साफ झाला नाही, तर कचऱ्याच्या दिवशी बाहेर जाईल. मी ढकलत नेईन."

मेकॅनिकला बोलवावं असं मला वाटलं, पण मी बोललो नाही. "आपण इतके इंजिनिअर असताना?" असं काका परस्परच म्हणाले. इतके म्हणजे ते स्वतः, उष्णतेच्या वहनात पीएचडी केलेले नागपूरचे एक काका, आणि व्हिसावर आलेला पुण्याचा एक सॉफ्टवेअरवाला, ज्याला बाकीच्यांनी उदार मनाने इंजिनिअर मानलं होतं. शनिवारी सकाळी दहाला मीटिंग ठरली. काकांनी अजेंडा छापून आणला होता. चहा झाला. पीएचडी काकांनी पेपर नॅपकिनवर हवेचे बाण काढले. पुण्याच्याने विचारलं की याचं मॅन्युअल कुठे आहे, आणि ते मागच्या वर्षी फुलदाणीखाली ठेवलं होतं नि ओलं झालं असं उत्तर मिळालं. अकरा वाजेपर्यंत स्टोव्हला कुणाचा हात लागला नव्हता. तेवढ्यात काकूंनी माझ्या हातात ब्रश आणि बादली दिली. मी घेतली. मला दिलेली वस्तू परत करायला जमत नाही.

मी काचेचं दार उघडलं, राखेचा ट्रे बादलीत रिकामा केला. तळाशी जळून कडक झालेली राख खरवडली. पाच मिनिटांत काम संपल्यासारखं दिसलं.

"संपलं?" काकांना शंका आली. "एवढंच असतं का?" आणि मग त्यांचा चेहरा उजळला. "अरे, आपण मूर्ख आहोत! याच्या वडिलांना विचारू ना! माणसाने आयुष्यभर बॉयलर चालवलेत!"

माझ्या हातातला ब्रश थांबला. आप्पा मिनिटभर बोलले की सगळं बाहेर येणार होतं. ते लबाडी करणारे नव्हते आणि मी त्यांना काही सांगूनही ठेवलं नव्हतं. या घरात मला दर शनिवारी ताट वाढलं जायचं ते कुणाचा मुलगा म्हणून, हे त्या फोनवर ठरणार होतं.

"काका, तिकडे आता रात्र झाली असेल. ते दमून आले असतील."

"दोन मिनिटं बोलतील रे! नंबर सांग."

मी नंबर सांगितला. खोटा सांगायचं धाडस झालं नाही. फोन लागला तो कामगारांच्या चाळीखालच्या किराणा दुकानात. काकांनी स्पीकर सुरू केला. दुकानदार ओरडला, "धा मिंटांनी लावा! बोलवून आनतो!"

"सेक्रेटरी का?" पुण्याच्याने मला हळूच विचारलं. त्याने खरंच विचारलं.

त्या दहा मिनिटांत काकांनी टी-शर्ट पँटमध्ये खोचला. पीएचडी काकांनी नॅपकिनवर तीन प्रश्न लिहिले. मी स्टोव्हसमोर जमिनीवर बसून राहिलो.

दुसऱ्या फोनला आप्पा धापा टाकत होते. "काय झालं रं? बरा हाईस न्हवं?"

"बरा आहे आप्पा. सगळं ठीक आहे."

"मंग फोन कशापायी?"

"नमस्कार सर," काका पुढे वाकून म्हणाले. "मी तुमच्या मुलाचा इथला काका."

 सर कोण, हे आप्पा शोधत असावेत. मग अंदाजाने म्हणाले, "नमस्कार साहेब."

मी घाईघाईने सांगितलं की घरात भुशाच्या गोळ्यांवर चालणारा एक स्टोव्ह आहे आणि आता थंडी संपल्यावर तो साफ करून ठेवायचा आहे.

"आफ सीजन म्हन की," आप्पा म्हणाले, आणि त्यांचा आवाज बदलला. धाप गेली. "राख किती निघाली साहेब?"

"एक ट्रेभर, सर."

"दिसती तेवढीच काढली असंल. राख दडून बसती. आत मागच्या अंगाला पत्र्याची फळी असंल, ती निघती का बघा. तिला आधी ठोका. लाकडानं, लोखंडानं न्हाई."

काकूंचं लाटणं आलं. मी ठोकलं. फळीच्या मागे काहीतरी खसकन घसरलं आणि बादली अर्धी भरेल एवढी राख खाली आली. तिन्ही इंजिनिअर मागे सरले.

"आली का?" आप्पांनी विचारलं. त्यांना तो आवाज ऐकू गेला होता. "पडायची थांबस्तवर ठोका, मंग ब्रश. राख ऱ्हायली अन् दमट हवा लागली की पत्रा खाती. गोळ्या एक बी ठिवू नका. दांडा रिकामा फिरवून घ्या, फुगल्या की गच्च बसत्यात."

काकांनी पीएचडी काकांकडे पाहिलं. ऑक्टोबरबद्दल आप्पांना कुणीच काही सांगितलं नव्हतं.

"समदं पुसा, तेलाचा हात फिरवा. आत चुन्याची पाटी ठिवा अन् दार लावून घ्या. चुना दमटपना ओढून घेतो."

"चुना आहे!" काका स्वयंपाकघरात धावले आणि काकूंची पानाच्या चुन्याची ट्यूब घेऊन आले. "सर, ट्यूबमधला चालेल?"

"त्यो पानाचा, साहेब. त्यो आधीच भिजलेला. कळीचा पायजे, कोरडा."

काकांनी ट्यूब पाठीमागे लपवली, जणू आप्पांना ती दिसत होती. मग ओशाळून म्हणाले, "सर, तुमच्यासारखा चीफ इंजिनिअर आम्हाला वेळ देतो, म्हणजे..."

"चीफ साहेबांकडं काम व्हतं का?" आप्पा गोंधळले. "त्यांचा फोन निराळा हाय. बंगल्यावर असत्याल बघा. मी आपला साधा मानूस."

मी डोळे मिटून घेतले. काका मात्र फोनपासून तोंड फिरवून हसत होते. "काय ह्यूमर आहे! ग्रेट माणूस यार!"

"पोरगं तिथंच हाय का?" आप्पा विचारत होते. "त्याला त्यात हात घालू दिऊ नका साहेब. त्याचं शिकायचं काम."

"छे छे, सर! अजिबात नाही!"

माझा हात कोपरापर्यंत आत होता.

फोन ठेवल्यावर पाच मिनिटं आप्पांचं कौतुक चाललं. किती डाउन टू अर्थ. खरी मोठी माणसं अशीच असतात. पुण्याचा म्हणाला की मला तर अ‍ॅक्सेंटवरूनच कळलं, मातीतला माणूस आहे. काकांनी तिथल्या तिथे ठरवलं की माझ्या पदवीदानाला आप्पा येतील तेव्हा महाराष्ट्र मंडळात त्यांचं भाषण ठेवायचं. प्रोजेक्टर पीएचडी काका आणणार होते. आप्पांनी स्वतःच्या तोंडाने खरं सांगितलं होतं आणि त्याचा परिणाम म्हणून त्यांना चौथी बढती मिळत होती. म्हणजे आता खरं सांगायला माझ्याशिवाय कुणी उरलं नव्हतं.

"काका, ते चेष्टा करत नव्हते," मी म्हणालो. "ते चीफ इंजिनिअर नाहीत. फायरमन आहेत. भट्टीत बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, सोडायचा, राख ओढायची. ऑफ सीझनला बॉयलरच्या आत जाऊन नळ्या साफ करतात."

 काकांचं तोंड मंडळाच्या भाषणासाठी उघडलं होतं, ते तसंच राहिलं.

"अरे, मग इतके महिने बोलला का नाहीस?" दारातून काकू म्हणाल्या.

 याचं उत्तर मला आजही नीट देता येत नाही. आप्पांची लाज वाटत होती असं म्हटलं तर ते खोटं आहे, आणि वाटत नव्हती असं म्हटलं तर तेही. काकू पोह्यांना फोडणी द्यायला आत गेल्या.

काकांनी घसा साफ केला. आता ते घड्याळात बघतील, "जरा काम आहे" म्हणतील, असं मला वाटलं.

"आत म्हणजे?" ते म्हणाले. "माणूस आत जातो?"

"हो. मॅनहोलमधून."

"केवढं असतं ते?"

मी हातांनी माप दाखवलं. फुटाहून थोडं जास्त, लंबगोल. काकांनी त्या मापाकडे पाहिलं, मग स्वतःच्या पोटाकडे.

"शक्य नाही," पीएचडी काका ठामपणे म्हणाले. "डोकं जाईल. खांदे जाणार नाहीत."

"एक हात आधी वर करायचा," मी म्हणालो. "मग खांदे तिरके होतात. आप्पा दाखवायचे, जेवताना." मी उभा राहिलो, राखेने माखलेला उजवा हात डोक्यावर ताणला, मान कलती केली. "असं. आणि श्वास सोडायचा."

काकांनी हात वर केला. "असं?"

"आणखी ताणा. कानाला दंड लागला पाहिजे."

पीएचडी काकांनी नॅपकिन खाली ठेवून स्वतः करून पाहिलं. पुण्याच्यालाही एकट्याने हात खाली ठेवून उभं राहणं बरं दिसेना. काकू पोह्यांचा ट्रे घेऊन आल्या तेव्हा त्यांच्या फॅमिली रूममध्ये चार उच्चशिक्षित पुरुष एकेक हात छताकडे करून, मान वाकडी करून, श्वास सोडत उभे होते.

"स्टोव्ह झाला का?" त्यांनी विचारलं.

झाला नव्हता. फळीच्या मागे अजून राख होती. मी खाली बसलो आणि पुन्हा हात घातला.