काकूने पुसलेली लस

आमच्या हैदराबाद राज्याचे तीन तुकडे व्हायचे होते, त्या दिवसांतली गोष्ट. काकांची बदली औरंगाबादेला ठरली होती. हैदराबादच्या विद्यानगरातल्या घरात ट्रंका भरून तयार होत्या, आणि मागच्या गल्लीत एका दारावर कडुलिंबाचा डहाळा लागला. म्हणजे त्या घरात देवी आल्या होत्या.

काकूचं बाळ सात महिन्यांचं, त्याला अजून देवीची लस टोचलेली नव्हती. आणि मी काकूला काय सांगून ठेवलेलं? मला टोचलं तेव्हा दंड भोपळ्याएवढा सुजला, तापलेल्या पोटावर आईने पोळी भाजली, आणि सुई म्हणाल तर पहार! सगळे हसले होते. काकू हसली नव्हती.

दुसऱ्या दिवशी घरोघरी लस टोचणारे टीकेवाले चाचा आले. बाळाच्या दंडावर लसीचा थेंब ठेवून सुईने ओरखडलं, "सूखने दो," म्हणाले आणि गेले. काकूने पदर ओला करून सगळी लस पुसून टाकली. पाहिलं फक्त मी.

"आई, काकूने लस पुसली!"

"झालं ह्याचं सुरू. काल हौदात मगर होती."

"अगं, खरंच!"

"परवा हत्ती होता."

काकू खाली मान घालून ट्रंकेला कुलूप लावत राहिली.

मी धूम ठोकली. शंभर गल्ल्या पालथ्या घातल्या, बरं, चार. चाचांना हाताला धरून ओढत आणलं. ते रागावले नाहीत, उंबऱ्याशी बसले.

"क्या डर है, अम्मा?"

काकू परक्या पुरुषाशी कधी बोलत नसे. त्या दिवशी बोलली. "रेल्वेत ताप भरला तर? तिथं माझं कोण आहे?"

"बुखार आयेगा. दो-तीन रोज. फोडा भी आयेगा, उसकू छूना नक्को. बुखार बढा तो डॉक्टर है. मगर देवी निकले, तो मेरे पास दवा नहीं."

"आणि दंड भोपळ्याएवढा…?"

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. "दिखा रे पोट्टे."

मी बाही वर केली. पैशाएवढा वण.

"आणि सुई?" काकूने विचारलं.

"टाचणीएवढी," मी पुटपुटलो.

काकूने पदर कमरेला घट्ट खोचला आणि बाळाचा दुसरा दंड पुढे केला.

काकांनी निघणं लांबवलं. ताप चढला. दोन दिवस घरात कुणी मोठ्याने बोललं नाही, मीसुद्धा. मग उतरला. आठव्या दिवशी सकाळी मी बाळाच्या दंडाकडे बघत बसलो होतो, तर आईने स्वयंपाकघरातून विचारलं, "फोड आला का रे? केवढा?"

"वाटाण्याएवढा."

काकूने तरीही स्वतः वाकून खात्री करून घेतलीच.