अक्काने काढलेला तुटक्या स्फटिकांचा फोटो

माझी अक्का गुहेत मेली नाही.

किडनीनं गेली. हॉस्पिटलमध्ये, आम्हा सगळ्यांसमोर. आज वर्ष झालं, तरी "गुहा बाधली तिला" म्हणणारे भेटतात. त्यांच्यासाठी हे आधी लिहिलं.

अक्का, माझी थोरली बहीण. उचगावात तिचा फोटो स्टुडिओ. पोटापाण्यासाठी लग्नं आणि हुपरीच्या चांदीच्या पैंजणांचे फोटो. चमकणाऱ्या वस्तूवर लाइट समोरून मारायचा नाही, बाजूनं मारायचा, हे ती त्या चांदीवर शिकली.

आणि सुट्टी मिळाली की गुहा.

सह्याद्रीतल्या एका डोंगरात सरपटत आत जावं लागतं. आतल्या काळ्या दगडाला पांढऱ्या सुयांचे गुच्छ फुटलेले. स्फटिक. फुंकर मारली तर मोडतील असे नाजूक.

ती कॅमेरा लावायची, मी लांबून फ्लॅश मारायचो.

"हात लावू नगंस. तुझ्या आज्ज्याच्या आज्ज्याच्या आधीपासनं हाय ते."

कोल्हापुरातल्या पहिल्या प्रदर्शनात तिनं फोटोखाली गुहेजवळच्या गावाचं नाव लिहिलं. लोकांनी जाऊन बघावं म्हणून.

लोक गेले. छिन्नी घेऊन गेले.

पुढच्या हिवाळ्यात आम्ही आत शिरलो तर भिंतीवर नुसती खुंटं. खाली चुरा. कुणाच्या तरी शोकेससाठी.

मी शिव्या घालत होतो. अक्कानं कॅमेरा लावला. मग म्हणाली, "लाइट धर."

"आता कशाचा फोटो?"

"ह्याचाच."

पुढच्या प्रदर्शनात तिनं दोन्ही फोटो शेजारी लावले. आधीचा लहान. तुटलेला दारासारखा मोठा.

आयोजक म्हणाले, "मॅडम, हा काढा की. पाहुण्यांचा मूड जातोय."

"जाऊ दे की. माझा गेलाय."

"अहो, उद्घाटनाला मोठी माणसं येणार..."

"मग बरंच हाय. छिन्नी मोठ्या माणसांच्याच शोकेससाठी चालत्या. हा फोटो निघाला तर माझे सगळेच निघतील."

फोटो निघाला नाही.

त्यानंतर तिला अशा दुसऱ्या दोन जागा सापडल्या. फोटो सगळ्यांनी पाहिले, ठिकाण कुणालाच कळलं नाही. लोक म्हणाले, बाईला गर्व आलाय. ती म्हणायची, "व्हय, आलाय."

गेल्या महिन्यात एका रिसॉर्टवाल्याचा फोन आला. त्यातली एक गुहा शोधून तिथं पायऱ्या, रंगीत लाइट करायचेत. वर अक्काच्या नावाची कमान.

"पावणं, जागा तेवढी सांगा. ताईंचं नाव अमर हुईल."

"न्हाय सांगणार."

"का हो? तुमच्याच बहिणीचं नाव..."

"तिचं नाव राहू दे बाजूला. ते स्फटिक राहू देत."

त्यांनी फोन ठेवला. चिडले असतील. चिडू देत.

तो मोठा फोटो आता स्टुडिओत दर्शनी भिंतीवर आहे. लग्नाचा अल्बम न्यायला आलेली माणसं विचारतात, एवढा भकास फोटो का लावलाय? बसवतो, चहा पाजतो आणि सगळं सांगतो. त्या दुसऱ्या दोन जागा कुठं आहेत, तेवढं सोडून.

अक्का, तुझ्या आठवणीला धाकट्याचा नमस्कार.

जिथं असशील तिथं नीट राहा.