अर्ध्या गिरणीचा मनाई हुकूम

वालूरला आमची पिठाची गिरणी होती. सासरे गेल्यावर ती दोघा भावांची झाली, थोरल्या दिरांची आणि आमच्या ह्यांची. सत्तरनंतरच्या दुष्काळात दिरांनी सगळीच गिरणी सेलूच्या एका सावकाराकडे गहाण टाकली. सही त्यांची एकट्याची. आम्हाला कळलं ते थेट लिलावाची दवंडी पिटली तेव्हा.

ह्यांनी जाब विचारला तर दिरांनी अंगणात सगळ्यांदेखत ह्यांच्या थोबाडीत मारली. दोन लेकरांचा बाप, खाली मान घालून उभा राहिला. दुसऱ्या दिवशी मात्र ह्यांनी परभणीची बस धरली.

वकिलांनी सांगितलं, "तुमचा हिस्सा गहाण टाकायचा भावाला अधिकार नाही. कोर्ट मनाई देईल. पण हुकूम घेऊन लिलावाच्या आधी पोचा. बोली तुटली की मग वर्षानुवर्षं भांडत बसाल."

तारखेवर तारीख पडत गेली. परभणीत ह्यांच्या हातात हुकूम पडला तो लिलावाच्याच दिवशी सकाळी.

तोपर्यंत इकडे गिरणीवर लिलाव करायला कोर्टाचा बेलीफ आला होता. सावकार खुर्ची टाकून बसला होता आणि त्याची माणसं काठ्या घेऊन उभी होती. मी गिरणीच्या उंबऱ्यावर बसले आणि म्हणाले, मालक आल्याबिगर उठणार न्हाई. एकानं माझा अंबाडा धरून मला रस्त्यापर्यंत फरफटत नेलं. कोपरं सोलून निघाली. बेलीफ म्हणाला, "बाईला हात लावू नका." त्याचं कुणी ऐकलं नाही. दीर भिंतीला टेकून उभे होते. ते जमिनीकडे बघत राहिले.

बोली सुरू झाली आणि हे स्टँडवरून धावत आले. बेलिफानं हुकूम वाचला. "लिलाव थांबला," तो म्हणाला आणि कागद आवरू लागला. तेवढ्यात ज्यानं मला ओढलं होतं त्यानंच ह्यांच्या गुडघ्यावर काठी घातली. हाड मोडल्याचा आवाज मला रस्त्यावर ऐकू आला. हे पडले तरी तो मारतच होता.

दिरांनी इंजिनाचं लोखंडी हँडल उचललं. मला वाटलं, आता दीर भावाला संपवणार. त्यांनी ते त्या माणसाच्या जबड्यावर हाणलं. मग बाकीचे दिरांवर तुटून पडले. पोलीस येईपर्यंत दिरांचा डावा डोळा गेला होता.

परभणीच्या दवाखान्यात दोघा भावांच्या खाटा शेजारी शेजारी होत्या. एकदा ह्यांनी विचारलं, "दादा, माझ्यासाठी कामून मधी पडलास?"

"तुझ्यासाठी न्हाई," दीर म्हणाले. "तुला मारायचा हक माझा हाय. त्या भाडोत्र्याचा न्हाई."

आणि पुढे ह्याच दिरांनी कोर्टात शपथेवर सांगितलं की, गहाण धाकट्याच्या संमतीनंच टाकलं होतं. एक डोळा बांधलेला, आवाज खणखणीत. हे कुबडी घेऊन समोर उभे होते. ह्यांचा चेहरा मला बघवेना.

कोर्टानं दिरांची साक्ष मानली नाही. अर्धी गिरणी आमची राहिली, दिरांची अर्धी पुढच्या लिलावात सावकारानं घेतली. त्यानं आत भिंत घातली. इंजिन त्याच्या बाजूला गेलं, जात्याचे दगड आमच्या. पीठ कुणालाच दळता येईना.

मारहाणीच्या गुन्ह्यात तुरुंग भोगून आलेल्या दिरांना ह्यांनी घरी आणलं. मी नको म्हणत होते. जेवताना शब्दाला शब्द लागला की ते अजूनही ह्यांच्यावर हात उगारायचे. मग मी दोघांची ताटं लांब लांब मांडायला लागले.