सहा गव्यांतला एक

"उसको नहीं! ओये कोल्हापुरी, उसको नहीं! अंधा है क्या?"

गुल खान कुंपणाकडे धावत येत होता. सलवार गुडघ्यापर्यंत खोचलेली, एका हातात चहाची किटली, आणि आवाज असा की तिकडे ओमानात लोक घराबाहेर आले असतील. माझ्या उजवीकडे अरबाब (मालक) बंदूक खांद्याला लावून उभा होता. बंदुकीचं तोंड जिकडे, तिकडेच माझं बोट. आणि बोटापुढं साठेक पावलांवर डांबरासारखा काळा, देवळाच्या कळसाएवढा उंच गवा रवंथ करत उभा. तो माझ्याकडं असा बघत होता, की जणू मी उधारी मागायला आलोय.

हे बोट तिथवर कसं पोचलं, ते सांगतो.

अठ्ठ्याण्णव सालचा फेब्रुवारी. दाजीपूरच्या रस्त्यावर माझं चहा-मिसळीचं हॉटेल आहे. गवे बघायला येणारे पुण्या-मुंबईचे लोक तिथं थांबतात, आणि गवे दिसले नाहीत तर मी सांगतो त्यावर समाधान मानून परत जातात. अशा माणसानं वीस दिवस हॉटेल बंद ठेवून दुबईला जायचं ठरवलं, याला कारण धाकटी बहीण नंदा. लग्नाला सहा वर्षं झाली होती. त्यातली चार नवरा, म्हणजे विलासराव, तिकडं आणि ती सासरी, अशी गेली. आता कुठं दोन वर्षांपूर्वी विलासरावांना तिला बोलावून घेता आलं होतं. "दादा, माझा संसार बघून जा," असं तिनं फोनवर चार वेळा म्हटल्यावर मी पासपोर्ट काढला.

दुबईचा विमानतळ पाहून मी तासभर बोललो नाही. नंदा अजून म्हणते की तेवढाच तिला आराम मिळाला. त्यांचं घर अल मनखूलमध्ये, तिसऱ्या मजल्यावर. घर म्हणजे एक खोली आणि दुसऱ्या कुटुंबाबरोबर वाटून घेतलेलं स्वयंपाकघर. पण खिडकीत तुळस, गॅसवर पिठलं, आणि भिंतीवर दोघांचा क्रीकच्या (तिथल्या खाडीच्या) काठावर काढलेला फोटो. खालच्या दुकानात कढीपत्ता, गोडा मसाला, सगळं मिळतं. दुकानदार मल्याळी, गिऱ्हाईक मराठी, आणि दोघं भांडतात हिंदीत.

विलासराव एका अरबाबाकडं हिशेबनीस. अरबी शब्द मुहासिब. अरबाबाचा ओमानच्या सरहद्दीजवळच्या अल ऐनच्या वाटेवर मजरा (शेतवाडी) होता. तिसऱ्या दिवशी ते मला अरबाबाच्या बैठकीत सलाम करायला घेऊन गेले. मी भेट म्हणून कोल्हापुरी चपला नेल्या होत्या. अरबाब पस्तिशीचा, हसरा, हिंदी झकास बोलणारा. चपला तिथंच पायात घातल्या, दोन पावलं चालला, आणि त्यांच्या करकर आवाजावर इतका खूश झाला की मला शेजारी बसवलं. "तुम्हारे गाँव में क्या है?"

मी म्हटलं, "गवा." त्याला कळेना. मी दोन बोटं डोक्याला लावून गालिच्यावर हंबरून दाखवलं. अरबाब ताडकन उठला. "बायसन! मेरे पास छे हैं! अमरीका से लाया!" मग डोळे बारीक करून विचारलं, "तुमने मारा है?"

आता खरं सांगायचं तर आमच्याकडं गव्याला दगड मारला तरी फॉरेस्टवाले दारात येतात. उसात गवा शिरला की आम्ही पत्र्याचे डबे वाजवतो, आणि गवा सावकाश, त्याच्या सोयीनं, बाहेर जातो. पण समोर अरब बसलेला, हातात कावा (त्यांची वेलदोड्याची कॉफी), आणि सगळी बैठक माझ्या तोंडाकडं बघत असलेली.

"हर दिवाली में एक," मी म्हणालो.

विलासरावांनी मला असा चिमटा काढला की त्याचा व्रण अजून आहे. पण बाण सुटला होता. अरबाब म्हणाला, येत्या शुक्रवारी मजऱ्यावर पाहुणे आहेत, एक बायसन पाडायचाय. कुठला, ते शिकारी सांगेल.

गाडीत बसल्यावर विलासराव घामाघूम. "दादा, माझ्या व्हिसाचा कागद त्याच्या टेबलावर आहे हो. याच महिन्यात सही व्हायची. व्हिसावर मुहासिब लिहिलंय, म्हणून नंदाला इथं ठेवता येतं. हलकं काम लिहिलं की बायको आणता येत नाही. हा माणूस खूश असला की डोळे झाकून सही करतो. बिघडला की बघायलाच नको."

"बिघडेल कसा? मी आहे ना," मी म्हटलं. विलासरावांनी गाडीचा एसी वाढवला.

संध्याकाळी नंदानं भाकरी थापता थापता वेगळाच मुद्दा काढला. "दादा, ती गाय निघाली तर? गाईवर बोट ठेवशील? आईला कळलं तर उंबऱ्याच्या आत घेणार नाही."

"अगं, बैल आणि गाय मला कळत नाही होय? काळा तो बैल, तांबूस ती गाय. अख्ख्या राधानगरीत कुणालाही विचार."

हे शंभर टक्के खरं आहे. आमच्या गव्यांत जून नर काळाकुट्ट होतो, माद्या आणि पोरं तांबूस राहतात. लांबून, झाडीतून, संधिप्रकाशातसुद्धा मी कधी चुकलेलो नाही.

शुक्रवारी सकाळी निघालो. अल ऐनचा रस्ता म्हणजे सरळ रेषा. दोन्ही बाजूंना वाळू, आधी पांढरट, मग पिवळी, मग विटेसारखी लाल. मध्येच तीन उंट रस्त्याकडं पाठ करून उभे, एखाद्याशी अबोला धरल्यासारखे. मुख्य रस्ता सोडून आत वळलो आणि दोनशे पावलांत आमची गाडी वाळूत रुतली. मी खाली उतरून धक्का दिला, तशी ती आणखी रुतली. मागून पिकअपमधून एक उंच पठाण आला, काही न बोलता चारी टायरांची निम्मी हवा सोडली, आणि गाडी अलगद वर निघाली. तो गुल खान. गव्यांची देखभाल तोच करायचा.

"साब, शिकारी आप हो? एक बात मेरे से पूछ लेना," तो म्हणाला.

जाणकार माणूस गुराख्याला विचारत नसतो. मी मान हलवली.

मजऱ्यावर खजुरीच्या झावळ्यांच्या सावलीत पाण्याचे फवारे सोडलेले, आणि खाली सहा गवे. वाळवंटात इतका थाट मी माणसांचाही पाहिला नाही. पाहुणे दहा-बारा. आधी हरीस (गहू आणि मटण एकत्र घोटून केलेलं, खिरीसारखं) वाढलं. मी तीन थाळ्या खाल्ल्या, आणि मग खरी पंचाईत सुरू झाली.

अरबाबाला हवं होतं डोकं. बैठकीच्या भिंतीवर लावायला, आल्यागेल्यानं दाराशीच थांबून बघावं असं. म्हणजे जुना नर हवा, शिंगं बुडाशी जाड. पण अरबाबाचे वडील, सगळे ज्यांना शैबा (म्हातारबाबा) म्हणत, ते काठी टेकून बसले होते आणि त्यांची अट होती: जनावर एकच पडेल, आणि जे पडेल ते खाल्लं जाईल. नुसत्या डोक्यासाठी जीव घ्यायचा नाही. गोळीनं खाली पाडा, पण लगेच हलालची सुरी ते स्वतः फिरवणार. आणि खायचं म्हणजे कोवळं हवं, शैबांना दात चारच उरले होते.

जुना घेतला तर शैबा उपाशी. कोवळा घेतला तर भिंतीवर पेन्सिलीएवढी शिंगं. बाप एका कानात अरबीत बोलतोय, लेक दुसऱ्या कानात हिंदीत, विलासराव मागून "दादा, जपून" म्हणतायत, आणि माझ्या डोक्यात नंदा भाकरी थापतेय. सहा जनावरं, सहाही शिंगवाली, सहाही दाढीवाली, सहाही लोकरीत बुडालेली! आमच्या गव्याच्या पायात पांढरे मोजे असतात, इथं तेही नाहीत. कोण बाप, कोण आई, कोण आत्या, काही उमगेना. एकाच्या खांद्याची लोकर उन्हानं पार गवतासारखी पिवळट झालेली. मी मनात म्हटलं, ही तांबूस, ही गाय, हिला हात लावायचा नाही.

गुल खान जवळ सरकला. "साब, अब बताऊँ?"

"पहले चाय लाओ," मी म्हणालो. खरं म्हणजे मला विचार करायला वेळ हवा होता. तो गेला.

अरबाबानं बंदूक उचलली. "शिकारी, यल्ला, चलो. कौन सा?"

तेव्हा मला एक गवा दिसला. बाकीच्यांपेक्षा काळा, अंगानं भरलेला, चेहऱ्यावर तरुण तकाकी. नर, जाड आणि कोवळा, तिन्ही एकात! बाप खूश, लेक खूश, नंदा खूश, आईचा उंबरा शाबूत. मी छाती भरून श्वास घेतला आणि बोट रोखलं.

पुढचं वर सांगितलंच आहे. गुल खाननं किटली फेकली, कुंपणावरून उडी मारली आणि बंदुकीसमोर उभा राहिला. "अरबाब, गाभण है! मादा है! दो महीने में बच्चा देगी!" मग पिवळट खांद्याच्या जनावराकडं हात करून म्हणाला, "नर वो है. सबसे बुड्ढा. धूप में रंग उड़ गया."

या जातीत म्हातारपणी नर काळा होत नाही, फिका पडतो. अमेरिकेतल्या गव्यांनी राधानगरीला न विचारता ठरवलेली गोष्ट.

बंदूक खाली आली. शैबा काठीवर भार देऊन उठले. पोटात पिल्लू असलेल्या जिवावर पाहुण्यांसमोर त्यांच्या लेकानं नेम धरला होता, आणि सुरी त्यांच्याच हातात होती. त्यांनी अरबीत काहीतरी विचारलं. अरबाबानं ते हिंदीत केलं, आणि आता तो हसत नव्हता. "किसने बोला ये वाला?"

मी ते बोट हळूच खिशात घातलं.

"मैंने," विलासराव पुढं झाले. "मैंने पीछे से इशारा किया था. इनकी गलती नहीं है."

अरबाबानं त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मग म्हणाला, "मुहासिब, तुमको जानवर का कुछ नहीं मालूम. सीखना पड़ेगा." कुणीतरी हसलं, मग सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं मी हसलो. शैबांनी शिकार खलास (आता बंद) म्हणून सांगितलं आणि बोकड कापायला लावला. सहाही गवे संध्याकाळपर्यंत रवंथ करत होते.

परतताना मी विचारलं, "विलासराव, तुम्ही कशाला अंगावर घेतलंत?"

ते रस्त्याकडं बघत म्हणाले, "पाहुणे आहात. चार दिवसांनी जाणार. तुमचं हसं कशाला व्हायला हवं? आणि नंदाला यातलं काही सांगू नका." मी सांगितलं नाही. खरं सांगण्याची मला फारशी सवयही नाही.

गावी आलो. प्रवासानं माणूस शहाणा होतो म्हणतात. मी एवढंच शिकलो, की आपल्या डोंगरातलं ज्ञान डोंगर उतरलं की तपासून घ्यावं, आणि किटली घेऊन जाणाऱ्याला आधी बोलू द्यावं. पण हॉटेलात गिऱ्हाईक बसलं की हे शहाणपण मी कपाटात ठेवायचो. माझ्या गोष्टीत गवा अंगावर धावून येत होता, अरबाब झाडावर चढला होता, आणि मी नुसत्या नजरेनं गव्याला थोपवला होता. झाड कसलं, हे कुणी विचारलं नाही.

एप्रिलमध्ये एका दुपारी नऊ-दहा जणांना मी हीच गोष्ट सांगत होतो. नजरेपर्यंत आलो होतो, तेवढ्यात समोर एसटी थांबली आणि नंदा उतरली. दोन मोठ्या बॅगा, एक पिशवी, आणि कागदात गुंडाळलेली भिंतीवरच्या फोटोची चौकट. मी धावत जाऊन बॅगा उचलल्या. जड होत्या.

"अगं, कळवलं पण नाहीस! किती दिवसांची सुट्टी?"

नंदानं हॉटेलातल्या माणसांकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"सुट्टी नाही. ह्यांच्या व्हिसावर आता गुराखी लिहिलंय."