नकाशावर ओतलेला तांब्या

जगात सपाट अशी जागाच नाही, हे माझ्या आत्याच्या सासऱ्यांनी एकट्याच्या बळावर सिद्ध करत आणलं आहे. त्यांना आम्ही आबा म्हणतो. तळेघरला त्यांची भाताची खाचरं आहेत, आणि जिथे स्वतः पाणी ओतून पाहिलेलं नाही त्या जमिनीवर त्यांचा काडीचा विश्वास नाही. आत्याच्या दिरांनी कळंबला फ्लॅट घेतला तेव्हा सगळे स्वयंपाकघर बघत होते, आणि आबा बाथरूममध्ये तांब्या रिकामा करून उलट्या बादलीवर बसले होते. बाहेर येऊन म्हणाले, "झ्याक हाय. फकस्त हितं आंघोळ केली की पाणी टीव्हीखाली जाईल." वास्तुशांतीच्या दिवशी ते गेलं. एका लग्नात तर त्यांनी पेल्यातलं पाणी जमिनीवर सांडून निरखलं आणि बसलेली पंगत उठवून उलट तोंडाने बसवली. "न्हायतर कढी समद्यांच्या मांडीत." वाढपी म्हणाला, "आबा, आता पत्रावळीला बी लेव्हल लावा." आबांना ते कौतुकच वाटलं.

मी नकाशे काढते, नसलेल्या शहरांचे. हे मी सहसा कुणाला सांगत नाही, कारण पुढचा प्रश्न 'म्हणजे नक्की काय?' असा असतो. मागच्या वर्षी मुलांच्या एका पुस्तकासाठी डोंगरावरच्या शहराचा नकाशा काढायचं काम मिळालं. माझं पहिलंच. तो नकाशा दोनदा परत आला. संपादक बाईंनी लिहिलं होतं, 'शहर डोंगरावर आहे, पण नकाशात ते ताटात वाढून ठेवल्यासारखं दिसतंय.' मी शेडिंग वाढवलं, कडेने त्रिकोणी डोंगर काढले. ताट तसंच राहिलं, त्याला नक्षी तेवढी आली. आता आठवडा उरला होता, आणि या वेळी जमलं नाही तर काम दुसऱ्याकडे जाणार होतं. घरी कुणी काही विचारायच्या आत मी कागद गुंडाळले आणि आत्याकडे गेले.

ओट्यावर नकाशा पसरून बसले होते, तर आबा येऊन उकिडवे बसले. बराच वेळ बघून त्यांनी विचारलं, "ह्या गल्लीतलं पाणी कुठं जातं?"

मी कडेच्या त्रिकोणी डोंगरांकडे बोट दाखवलं. आबांनी मग त्यांचं नेहमीचं केलं. तांब्या उचलला आणि ओतला.

"बघ, जागचं हलत नाय. सपाट हाय तुझं गाव."

तीन आठवड्यांची शाई निळी होऊन पसरली. आत्या दारातून म्हणाली, "अवो आबा, पोरीचं काम व्हतं ते." मी "असू दे" म्हणाले, गोठ्यामागे गेले आणि रडले.

थोड्या वेळाने आबा तिथे आले. माफी वगैरे त्यांना जमत नाही. "चल, खाचरावर जाऊ," एवढंच म्हणाले.

लावणी होऊन गेली होती आणि खाचरांत पाणी उभं होतं. आबांनी मला एका बांधावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवलं. "चढलीस का?" नाही. "उतरलीस?" नाही. "पाण्यानं आखलाय त्यो. आता वर बघ. जिथं चढ उभा, तिथं बांध जवळजवळ, खाचर चिंचोळं. जिथं निवांत, तिथं ऐसपैस." शाळेत कॉन्टूरच्या, म्हणजे सारख्या उंचीच्या रेषांचे पुरे मार्क मिळवले होते मी. त्या रेषांवरून चालता येतं हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं. परतताना त्यांनी शेजारचं घर दाखवलं. पुढून जोतं कमरेएवढं, मागून छप्पर हाताला लागेल असं. मागच्या बाजूने चढलेली एक शेळी छपरावर उभी राहून आमच्याकडे बघत होती. "हिला इचार चढ कुठं हाय त्यो," आबा म्हणाले.

त्या आठवड्यात मी शहर पहिल्यापासून काढलं. आधी बांध आखले, मग त्यावर गल्ल्या, उभ्या जागी पायऱ्या, खालच्या अंगाला उंच जोती. आबा रोज येऊन नुसतं विचारायचे, "पाणी?" मी बोटाने वाट दाखवायची. एका छपरावर त्यांच्या आग्रहाखातर शेळीही आली. संपादक बाईंचं उत्तर दोन ओळींचं होतं. नकाशा घेतला होता, आणि शेळी का, असं विचारलं होतं.

पुस्तक छापून आलं तेव्हा मी ते घेऊन तळेघरला गेले. यंदा आबांचे गुडघे धरलेत. वरच्या खाचराला आता आत्याच जाते आणि आबा ओट्यावरून बघत बसतात. मी नकाशाचं पान उघडून त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांचं बोट वेशीतून आत शिरलं, पायऱ्या चढलं, एका वळणावर थांबलं. आबांनी खरोखर दम घेतला. मग बोट हळूहळू वरच्या तळ्यापर्यंत गेलं आणि तिथेच राहिलं.

"पोचलो," ते म्हणाले.

शेजारी त्यांचा चहा होता. हात सवयीने पेल्याकडे गेला. पुस्तक त्यांच्यासाठीच आणलं होतं, ओतलं तर ओतलं. पेला पानावर आला, थोडा कलला, आणि आबांनी तो सावकाश मागे घेऊन लांब, भिंतीकडे ठेवला.

"नको," ते म्हणाले. "खालच्या घरात शिरंल."