शेतकरी नको, संचालक चालेल

आमची कंपनी नेमकं काय करते, हे माझ्या वडिलांनी शेजाऱ्यांना कधीच सांगितलं नाही. त्यांची सगळी नोकरी यवतमाळच्या सरकारी कचेरीत झालेली. मुलानं पुण्यातली बरी नोकरी सोडून घरी परत यावं, हे त्यांना एखाद्या आजारासारखं वाटायचं. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "कॉम्प्युटरमधी आहे," आणि लगेच नळाच्या पाण्यावर घसरायचे.

खरं तर काम सांगण्याजोगं होतं. कुणीतरी हौसेनं वेबसाइट काढतो, काही वर्षं चालवतो आणि कंटाळतो. लोक येत असतात, पण बघणारं कुणी नसतं. अशा साइट आम्ही विकत घ्यायचो, दुरुस्त करायचो आणि चालवायचो. आम्ही म्हणजे मी आणि माझा कॉलेजातला मित्र. तो दिग्रसकडच्या एका बंजारा तांड्यावरचा, घरचा कापूस. कोडिंग माझ्यापेक्षा चांगलं करायचा, पण पेरणीला आणि वेचणीला गायब व्हायचा.

ऑफिस एका कृषी केंद्राच्या वर होतं. खाली बियाणं आणि औषधं, वर आम्ही. फवारणीच्या औषधाचा वास जिन्यानं वर यायचा. बोंडअळीची ती वर्षं. खालच्या दुकानदारावर चिडलेले लोक कधी कधी चुकून आमच्याकडे चढायचे आणि किडकी बोंडं माझ्या कीबोर्डवर ठेवून विचारायचे, "हे पाहा, काय बियाणं देल्लं तुमी?" मी घाबरायचो. मित्र मात्र बोंड फोडून आतली गुलाबी अळी शांतपणे दाखवायचा, दोन गोष्टी सांगायचा आणि चहा पाजून पाठवायचा. आमच्या कंपनीची खरी ग्राहकसेवा तीच.

आमची मोठी खरेदी म्हणजे लग्न जुळवणारी एक साइट. मालक पुसदचे निवृत्त चित्रकला शिक्षक. आधी घरीच वधू-वर सूचक मंडळ चालवायचे, मग भाच्याकडून साइट करून घेतली आणि भाचा दुबईला गेला. सौदा ठरला, पेढे झाले, तेव्हा मी पासवर्ड मागितला. मास्तरांनी बायकोला आत चहा ठेवायला पाठवलं, दार लोटलं आणि कुजबुजत सांगितला. तिच्या भावाला, म्हणजे त्यांच्या मेव्हण्याला, उद्देशून ती एक सणसणीत शिवी होती. शेवटी उद्गारचिन्हसुद्धा होतं.

साइट उघडून पाहिली तर आतल्या अर्ध्याअधिक लोकांची लग्नं कधीच होऊन गेलेली. सुधारणा म्हणून आम्ही एकेकाला फोन लावायला बसलो. एक बाई म्हणाली, "मले दोन पोरं हायेत, पण फोटो राहू द्या. तो माह्या बारीकपणचा शेवटचा फोटो हाय." एका गृहस्थानं आधी लग्न झालं म्हणून सांगितलं, मग आवाज खाली आणून विचारलं, "पण काही नवीन असलं तर कळवान का?"

मग मुलींच्या बापांचे फोन सुरू झाले. सगळ्यांची मागणी एकच. मुलांची नावं येतात त्यात एक बटण द्या. शेतकरी नको असं दाबलं, की शेती करणारे सगळे गायब व्हायला पाहिजेत. मला धंद्याच्या दृष्टीनं ते पटलं. एका दुपारचं काम होतं.

"मी नाई करत," मित्र म्हणाला.

"काहून बे? लोक मागून राह्यले."

"लोकायले मागू दे. तू बटण दाबशीन अन् मी माह्याच साइटवरून गायब होईन. कायले?"

त्याचं लग्न व्हायचं होतं हे माझ्या ध्यानातच नव्हतं. मी म्हटलं, एवढं काही वाईट नसेल, लोक नुसते बोलतात. तो म्हणाला, पाहूनच घेऊ. त्यानं स्वतःचं नाव नोंदवलं. फोटो चांगला होता, शिक्षण चांगलं होतं. व्यवसायापुढे त्यानं लिहिलं, शेती. आणि आम्ही वाट पाहिली. कुण्णी फिरकलं नाही. रोज सकाळी तो हात वर करून जाहीर करायचा, "आजही आपण ब्रह्मचारी." मग एक दिवस त्यानं शेती खोडून लिहिलं, संचालक, खासगी कंपनी. माणूस तोच, फोटोही तोच. संध्याकाळपर्यंत त्याचा फोन गरम झाला. तो हसत होता, पण त्या दिवशी तो डबा न खाता घरी गेला.

आलेल्या फोनांत एक मुलीचा स्वतःचा होता. यवतमाळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करायची. तिचा बाप पुसदकडच्या तांड्यावरचा. तिनं सरळ विचारलं, "संचालक म्हणजे काय करता?"

"बंद पडत आलेल्या वेबसाइट विकत घेतो अन् सुधारतो," मित्र म्हणाला.

"म्हणजे भंगारवाले?"

मी स्पीकरवर ऐकत होतो. इतकी नेमकी व्याख्या मला पुण्यातही कुणी करून दिली नव्हती.

रविवारी ती वडिलांना घेऊन ऑफिसातच आली. मित्रानं बसल्या बसल्या सांगून टाकलं, "काका, मी शेतीही करतो. कापूस. ते लिहिलं नव्हतं."

"मीच पोरीच्या नावापुढं शेतकरी नको लिवलं," तिचा म्हातारा बाप म्हणाला.

"पण तुमीही शेतकरीच ना?"

"म्हनूनच लिवलं ना बाप्पा. हिच्या याडीचे हात पाह्यले असते तर तुमीही तेच लिवलं असतं."

याडी म्हणजे आई, एवढं मला मित्रामुळे माहीत होतं. मग म्हाताऱ्यानं विचारलं, "कोणतं वाण लावलं अवंदा?" आणि ते दोघं जे सुरू झाले ते थांबेचनात. अळी, ओलिताचं पाणी, रानडुकरं, परत अळी. मधूनच बंजाऱ्यांच्या गोर बोलीत जायचे, मग मला काही कळायचं नाही. लग्नाचा विषय साफ बाजूला पडला.

मुलगी कंटाळून माझ्या खुर्चीशेजारी आली. "तुमची साइट मोबाइलवर वापरून पाह्यली का कधी?" तिनं विचारलं. तिनं आपला फोन पुढे धरला. नोंदणीचं बटण पडद्याच्या बाहेर गेलं होतं. मुलींच्या अर्जात स्वयंपाक येतो का असा प्रश्न होता, मुलांच्या अर्जात नव्हता. "अन् शेतकरी एवढंच काय लिहून घेता? ओलीत हाय का, घरी संडास हाय का, बायको नोकरी करन तर चालन का, हे विचारा ना. मग पोरी ठरवतील. बाप कायले ठरवतील?"

जाताना दारात ती मित्राला म्हणाली, "लग्नाचं राहू द्या. तुमी अन् माहे बाबा जन्मभर अळीवरच बोलान. पण मले हे काम द्या."

मित्राला वाईट वाटलं. त्यानं ते लपवलं नाही. आठवडाभर तोंड पाडून बसला. तरी तिला कामावर घ्यायचं म्हणून आधी तोच बोलला. ती लॅब सुटली की यायची, पुढे लॅब सोडून आली. शेतकरी नको म्हणायचं बटण आम्ही केलंच नाही. तिचे प्रश्न घातले, मुलांनाही स्वयंपाक विचारला. त्यावर मुलांची उत्तरं वाचून आम्ही पोट धरून हसलो, एकानं लिहिलं होतं, "गरज पडल्यास पाणी उकळतो." काही बाप रागावून निघून गेले. पण मुली स्वतः नाव नोंदवू लागल्या आणि शेती करणाऱ्या काही मुलांची लग्नं खरोखर जुळली. सगळ्यांची नाही. पुष्कळ जणांची नावं वर्षानुवर्षं तशीच राहिली, आणि त्यांना फोन करायचा कुणी, यावरून आमची तिघांची भांडणं व्हायची.

मित्राचं लग्न त्याच्या आईनं बाजारच्या दिवशी एका जुन्या ओळखीतून जमवलं. साइटचा काडीचा उपयोग झाला नाही. नवरीनं त्याचा व्यवसाय विचारलाच नाही, फक्त घोरतो का ते विचारलं.

पुढे एका मोठ्या शहरातल्या कंपनीनं आमची साइट विकत मागितली. बोलणी करायला टाय लावलेला एक तरणा माणूस आला, जिना चढताना नाकाला रुमाल लावून. आमच्या अर्जातल्या प्रश्नांचं त्यानं इंग्रजीतून फार कौतुक केलं. ती, म्हणजे आता आमची तिसरी भागीदार, सगळं ऐकून घेत होती. त्याचं संपल्यावर तिनं वाकून विचारलं, "सर, तुमचं लग्न झालं का?"

तो लाजला. "नाही अजून."

"मग व्यवहाराचं बोलू नंतर," ती म्हणाली आणि त्याचा अर्ज भरायला बसली.